राज्य शासनाच्या २४ सुट्ट्या: हातात किती पडतात आणि कुणाच्या?

सह्यवारा (धागाकर्ता)

सामान्य प्रशासन विभागाची पुढल्या वर्षाच्या सुट्ट्यांची अधिसूचना निघाली की दोन दिवसांत तिचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. खाली ठरलेलं वाक्य असतं, 'यांना काय, वर्षभर सुट्ट्याच.' मी तालुक्याच्या ठिकाणी राज्य शासनाच्या नोकरीत आहे. हे वाक्य लग्नात, एसटीत, दुकानाच्या पायरीवर सगळीकडे ऐकतो. म्हणून एकदा हिशेब नीट मांडू आणि मग जे बोलायचं ते बोलू.

२०२५ ची यादी घ्या. सार्वजनिक सुट्ट्या २४. त्यातला प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम हे चारही रविवारी आले. बकरी ईद शनिवारी, ७ जूनला. स्वातंत्र्यदिन आणि पारशी नववर्ष एकाच दिवशी, १५ ऑगस्टला. गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला. म्हणजे पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयात कामाच्या दिवशी पडलेल्या सुट्ट्या राहिल्या १७. भाऊबीजेची अतिरिक्त सुट्टी मिळवली तर १८. रविवारी आलेल्या सणाची सुट्टी सोमवारी देण्याची पद्धत आपल्याकडे नाही, ती गेली ती गेलीच.

या १८ मध्ये १ मे आणि १५ ऑगस्ट आहेत. त्या दिवशी सकाळी ध्वजवंदनाला आम्ही कार्यालयात हजर असतो आणि असायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. सुट्टी म्हणजे घरी झोपून काढलेला दिवस, हा समज मात्र खरा नाही.

पण मला आकड्यावर भांडायचंच नाही. २४ असोत की १७, खरे प्रश्न वेगळे आहेत. सुट्टी ठरते कशी, लोकांना कळते कधी, आणि यादीत छापलेली सुट्टी प्रत्यक्षात मिळते कुणाला? या तीन गोष्टींवर चर्चा व्हावी.

उंबरठा

हिशेब पटला, पण आमचाही ऐका. मी खासगी आस्थापनेत आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे आम्हाला वर्षात आठ पगारी सुट्ट्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार सणांच्या, त्या मालक आणि कामगारांनी आपसात ठरवायच्या. शनिवार बहुतेकांना कामाचाच. आता माझं काम तुमच्या कार्यालयात असेल तर मी यायचं कधी? मला सुट्टी असते तेव्हा तुमचं बंद, तुमचं उघडं असतं तेव्हा मला रजा टाकावी लागते. एका दाखल्यासाठी एक दिवसाचा पगार जातो, कधी दोन दिवसांचा. तुमच्या १८ सुट्ट्यांवर माझा राग नाही. त्या दिवशी एकही खिडकी उघडी नसते, यावर आहे.

आणि पाच दिवसांचा आठवडा केलात त्याचं काय? पूर्वी निदान पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी काम व्हायचं.

सह्यवारा (धागाकर्ता)

उंबरठा, तुमचा मुद्दा शंभर टक्के रास्त आहे. पाच दिवसांच्या आठवड्याबद्दल मात्र थोडं सांगतो, कारण तो फुकट मिळाला असं लोकांना वाटतं.

मंत्रिमंडळाचा निर्णय १२ फेब्रुवारी २०२० चा, अंमल २९ फेब्रुवारीपासून. आधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा होता. वेळ मुंबईत पावणेदहा ते साडेपाच आणि बाहेर दहा ते पावणेसहा. आता पावणेदहा ते सव्वासहा, शिपायांना साडेनऊ ते साडेसहा. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. तेव्हा शासनाने मांडलेला हिशेब असा होता: आधी वर्षात २८८ दिवस रोज सव्वासात तास, म्हणजे २०८८ तास. नंतर २६४ दिवस रोज आठ तास, म्हणजे २११२. कागदावर २४ तास वाढले.

आता या हिशेबातली मेख. २६४ म्हणजे महिन्याला २२ दिवस गुणिले १२. यात सार्वजनिक सुट्ट्या वजा केलेल्याच नाहीत, आधीच्या २८८ मध्येही नव्हत्या. त्या वजा केल्या की वाढ २४ तासांपेक्षा थोडी कमी-जास्त होते, दिशा बदलत नाही. माझं म्हणणं एवढंच की संध्याकाळचा तो वाढीव वेळ, मुंबईत पाऊण तास आणि आमच्याकडे अर्धा, लोकांच्या कामी यायला हवा होता. तो आला का? आमच्याकडे सव्वापाचनंतर अर्ज घेणारं टेबल आवरायला लागतं. साहेब बैठकीहून आले की आतली कामं चालू असतात, पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? पाच ते सव्वासहा ही वेळ नोकरी करणाऱ्यांसाठी राखून ठेवली तर उंबरठांची निम्मी अडचण सुटेल, आणि त्यासाठी एकही सुट्टी कमी करावी लागणार नाही.

मोजपट्टी

'सुट्टी ठरते कशी' यावर लिहितो, कारण बऱ्याच जणांना ही गंमतीची नाही तर कायद्याची बाब आहे हे माहीत नसतं.

अधिसूचनेच्या पहिल्याच परिच्छेदात परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चा उल्लेख असतो. हुंडी, वचनचिठ्ठी, धनादेश यांचा हा कायदा. त्याच्या कलम २५ मध्ये सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय ते सांगितलंय: रविवार, आणि केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करील तो दिवस. केंद्राच्या गृह मंत्रालयाने ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने हा अधिकार राज्याकडे सोपवला. त्याच बळावर महाराष्ट्र शासन दरवर्षी यादी काढतं, आणि म्हणूनच त्या २४ सुट्ट्या बँकांनाही लागतात.

भाऊबीज या कलमाखाली नसते. ती शासनाने आपल्या कार्यालयांना, महामंडळांना, स्थानिक स्वराज्य संस्थांना वेगळी दिलेली असते. त्यामुळे भाऊबीजेला तहसील बंद आणि बँक उघडी, असं चित्र दिसतं. उलट १ एप्रिलची वार्षिक लेखाबंदीची, म्हणजे वर्षाचे हिशेब पुरे करण्याची, सुट्टी फक्त बँकांना, तहसील चालू. जिल्हाधिकारी वर्षात ज्या तीन स्थानिक सुट्ट्या देतात त्यांचा तर आणखी वेगळा प्रकार. त्यांच्या आदेशात शेवटी ओळ असते की हा आदेश न्यायालयांना आणि बँकांना लागू नाही. केंद्र सरकारच्या कार्यालयांचं गणितही निराळं. तिथे १४ सक्तीच्या सुट्ट्या, १२ च्या यादीतून निवडलेल्या तीन, आणि शिवाय प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःच्या पसंतीच्या दोन मर्यादित सुट्ट्या. एकाच गावात, एकाच रस्त्यावर पोस्ट चालू, तहसील बंद, कोर्ट चालू असा दिवस निघू शकतो. सामान्य माणूस गोंधळला तर त्याचा काय दोष?

बोरीबाभळी

मोजपट्टी साहेब, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमचं गाव तालुक्यापासून लांब. सकाळची पहिली एसटी गाठली तर साडेदहाला पोचतो. मागे फेरफाराच्या कामासाठी गेलो तर कार्यालयाला कुलूप. बँकेत विचारलं, ते म्हणाले आज कलेक्टरची सुट्टी आहे, गौरीपूजनाची. आमच्या घरीही गौरी होत्याच, पण बँक उघडी म्हणजे सगळं उघडं असेल असं धरून निघालो होतो. माझ्यासारखे आणखी सात-आठ जण पायरीवर बसले होते. एक म्हातारी बाई संजय गांधी निराधारच्या कागदासाठी आली होती, तिला परतीची गाडी दुपारी तीनला.

सुट्टी द्या हो, सणाला माणूस घरीच पाहिजे. पण गावात कळायला नको का? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन ओळी खडूने लिहायला किती वेळ लागतो?

जाईजुई

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. 'मिळते कुणाला' यावर आमच्याकडचं सांगते.

ड्युटी लिस्ट महिन्याच्या शेवटी लागते. त्यात दिवाळी, ईद, नाताळ असे रकाने नसतात, फक्त सकाळ, दुपार, नाइट आणि ऑफ. वॉर्ड कधी बंद होत नाही, त्यामुळे सणाच्या दिवशी काम करण्याची तक्रार मी कधी केली नाही आणि करणारही नाही. ख्रिश्चन सिस्टर लक्ष्मीपूजनाची नाइट मागून घेतात, आम्ही त्यांची नाताळची घेतो. हे वर्षानुवर्षं न सांगता चालतं.

पण त्या दिवसाच्या बदल्यात मिळायची ती बदली सुट्टी? ती वहीत साठत जाते. मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, माणूस नाही, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात दोघी बाळंतपणाच्या रजेवर, एकीची बदली, जागा रिकामी. मग मार्च-एप्रिलमध्ये कुणीतरी म्हणतं, जुन्या सुट्ट्या आता धरता येणार नाहीत. राज्याच्या यादीत २४ सुट्ट्या छापल्या जातात तेव्हा मला खरंच वाटतं की त्या यादीखाली एक ओळ असावी: ज्यांना या दिवशी काम करावं लागलं त्यांना बदली सुट्टी इतक्या दिवसांत दिलीच पाहिजे. पोलीस, अग्निशमन, पाणीपुरवठा, सफाई, एसटीचे चालक-वाहक, सगळ्यांचं हेच आहे. पाच दिवसांच्या आठवड्यातूनही आम्ही वगळलेलेच.

सांजवेळ

ताई, तुमची बदली सुट्टी वहीत तरी असते. मी एका शासकीय कार्यालयात एजन्सीमार्फत डेटा एन्ट्रीचं काम करते. आमचा पगार हजेरीवर. ज्या महिन्यात सुट्ट्या जास्त, त्या महिन्यात हातात कमी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये २ तारीख, मग २१, २२, २३. सगळ्यांची दिवाळी, आमच्या चार दिवसांचा रोज कापलेला. शेजारच्या टेबलवरच्या कायम कर्मचाऱ्याला आणि मला एकच कुलूप बाहेर ठेवतं, पण त्याचा पगार चालू आणि माझा बंद.

मला कुणाची सुट्टी काढून घ्यायची नाही. कार्यालय शासनाने बंद ठेवलं, मी कामाला तयार होते, मग माझा दिवस का बुडावा? निदान २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस तरी पगारी धरा.

उंबरठा

सांजवेळ, हे वाचून वाईट वाटलं. तुमची एजन्सी ही खासगी आस्थापना आहे ना? वीस किंवा जास्त कामगार असतील तर मी वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्यातल्या आठ पगारी सुट्ट्यांबद्दल एजन्सीला लेखी विचारा, आणि प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या. तोंडी विचारू नका, लेखीच. शक्य असेल तर चार-पाच जणी मिळून सही करा.

कारकुनी_कलम

मी कोषागारातून निवृत्त झालो. माझी भर सुट्टीच्या तारखेबद्दल.

२०२५ चा मार्च आठवा. २९ ला शनिवार, ३० ला रविवार आणि गुढीपाडवा, ३१ ला सोमवार आणि रमजान ईद. १ एप्रिलला बँकांची लेखाबंदी. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, त्या दिवशी न निघालेला निधी व्यपगत होतो, म्हणजे बुडतो. बीम्सवर, म्हणजे शासनाच्या निधिवाटपाच्या संगणक प्रणालीवर, तरतूद शेवटच्या आठवड्यात येते, मग आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाची बिलं काढणारे) देयकं तयार करायला धावतात, कोषागारात नोंदीचं टोकन पडतं, आक्षेप लागला तर देयक परत जातं आणि दुरुस्त होऊन पुन्हा यायला तास-दोन तासच उरतात. अशा वेळी ईदची सुट्टी नेमकी ३१ ला. रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांना त्या दिवशी उघडं राहायला सांगितलं म्हणून निभावलं. पण ज्या मुस्लिम सहकाऱ्यांची ती ईद होती, त्यांतल्या कित्येकांना नमाज पढून थेट कामावर यावं लागलं असणार. मी नोकरीत होतो तेव्हा आम्ही असे दिवस आधीच वाटून घ्यायचो, ज्याचा सण त्याने दुपारनंतर यायचं, बाकीच्यांनी सकाळपासून रेटायचं. ते आमच्या समजुतीने चालायचं, कुठल्या परिपत्रकाने नव्हे.

खरं तर तारीख वर्षभर आधी समोर असते. चंद्रदर्शनाने एखादा दिवस मागेपुढे होईल एवढंच. तरतूद १५ मार्चला आली तर ३१ ला कुणाचाच सण बुडणार नाही.

मोजपट्टी

तारखांचा विषय निघालाच आहे तर ईद-ए-मिलादचंही बोलू. २०२३ मध्ये ती आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आली, मिरवणूक २९ ला ठेवली गेली आणि सुट्टी तिकडे गेली. २०२४ मध्ये मुंबईतली सुट्टी १६ सप्टेंबरवरून १८ ला नेली. २०२५ मध्ये यादीत ५ सप्टेंबर होती. ६ ला अनंत चतुर्दशी असल्यामुळे मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी ती ८ ला केली, बाकी महाराष्ट्रात ५ लाच राहिली. कारण चांगलं होतं, दोन्ही समाजांनी समजूतदारपणा दाखवला, पोलिसांवरचा ताणही वाचला. पण निर्णय अगदी शेवटच्या दिवसांत जाहीर होतो. ज्याची कोर्टात तारीख आहे, ज्याचं शस्त्रक्रियेचं ठरलंय, ज्याचा धनादेश वटायचाय, त्याने काय करायचं? अनंत चतुर्दशी कधी आहे हे पंचांगात आदल्या वर्षीच छापलेलं असतं.

न्यायालयांचं म्हणणंही ध्यानात ठेवा. दादरा नगर हवेलीच्या मुक्तिदिनाची, २ ऑगस्टची सुट्टी परत मिळावी म्हणून याचिका झाली होती. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, उलट आपल्याकडे सुट्ट्या जास्तच आहेत. २२ जानेवारी २०२४ ला राज्याने अयोध्येच्या सोहळ्यासाठी सुट्टी दिली तेव्हा कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी आव्हान दिलं. आदल्या दिवशी, रविवारी, खास सुनावणी होऊन ती याचिका फेटाळली गेली. म्हणजे सुट्टी देणं हा धोरणाचा भाग, पण ती मागणं हा हक्क नाही, असा एकूण सूर.

उंबरठा

मग जयंत्यांच्या सुट्ट्या कमी का करू नयेत? उत्तर प्रदेशाने २०१७ मध्ये जयंती-पुण्यतिथीच्या १५ सुट्ट्या एका झटक्यात रद्द केल्या. शाळा-कार्यालयं चालू ठेवून तासभर त्या माणसाबद्दल बोला.

सह्यवारा (धागाकर्ता)

इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. आपल्या यादीत माणसांच्या जयंत्या आहेतच किती? शिवजयंती, आंबेडकर जयंती, गांधी जयंती, आणि धर्माशी जोडलेल्या महावीर, बुद्ध, गुरू नानक यांच्या. यांतलं काढणार काय? १४ एप्रिलला आमच्या तालुक्यात सकाळी सहापासून पुतळ्याजवळ रांग असते. त्या रांगेतले बरेच लोक रोजंदारीवर जाणारे आहेत, त्यांना पगारी सुट्टी नाहीच, तरी ते येतात. त्यांच्या दिवसाला राज्याने आपला दिवस मानलं आहे, याचं मोल तासभराच्या भाषणाने भरून निघत नाही. ६ डिसेंबरला मुंबईत स्थानिक सुट्टी दिली जाते तीही मला रास्त वाटते. चैत्यभूमीला राज्यभरातून लोक येतात, तेव्हा शहर थोडं मोकळं असावंच.

कमी करायचं तर मधल्या दिवसांचा ढिलेपणा कमी करा. २०२५ च्या दिवाळीत सोमवार २० आणि शुक्रवार २४ ऑक्टोबर कामाचे होते. नैमित्तिक रजा वर्षाला आठच, त्यामुळे सगळे त्या अशाच दिवसांसाठी राखून ठेवतात. रजा घेणं गैर नाही. पण एका शाखेतल्या सगळ्यांचे अर्ज एकाच दिवसाचे मंजूर झाले, की दार उघडं आणि टेबलं रिकामी असं होतं, आणि ते सुट्टीपेक्षाही वाईट. बोरीबाभळींसारखा माणूस कुलूप पाहून परत तरी जातो. इथे त्याला 'आज साहेब नाहीत, उद्या या' ऐकत दिवसभर बसावं लागतं. निम्मे हजर पाहिजेत, हा नियम शाखाप्रमुखाने आठवडाभर आधी लावला तर हे टळतं. आमच्या शाखेत आम्ही हे गेली काही वर्षं पाळतो, आणि कुणाची दिवाळी बिघडलेली नाही.

मोजपट्टी, स्थानिक सुट्ट्यांचं एक पत्रक काढून प्रत्येक ग्रामपंचायतीला पाठवायचं म्हटलं तर आदेश कुणाचा लागेल? आमच्या वरिष्ठांपुढे मी टिपणी ठेवायला तयार आहे.

मोजपट्टी

आदेश जिल्हाधिकाऱ्यांचाच असतो आणि तो बहुधा वर्षाच्या सुरुवातीला निघतो. नवीन आदेशाची गरजच नाही, आहे त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांमार्फत ग्रामपंचायतींना गेली की झालं. टिपणीत एवढंच मागा की सोबत बँक आणि न्यायालय चालू की बंद, हे दोन रकाने जोडावेत.

बोरीबाभळी

सह्यवारा दादा, टिपणी नक्की ठेवा, आमच्या सरपंचांशी मी बोलतो. अजून एक विचारायचं होतं. माहिती अधिकारातल्या पहिल्या अपिलाची माझी मुदत तीस दिवसांची, आणि तिसावा दिवस सुट्टीच्या दिवशी येतोय. मुदत बुडाली का?

मोजपट्टी

बुडत नाही. सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ चं कलम १० बघा. शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर ते पुन्हा उघडेल त्या दिवशी दिलेला अर्ज मुदतीतच धरतात. मधल्या सुट्ट्या मात्र तीस दिवसांतच मोजल्या जातात, त्या वगळायच्या नसतात. आणि हुंडी किंवा वचनचिठ्ठी असेल तर उलटं, तिची तारीख सुट्टीवर आली तर ती आदल्या कामाच्या दिवशीच देय होते, हे त्याच कलम २५ मध्ये आहे. अपील आधी देता आलं तर आधीच द्या. नाही जमलं तर उघडल्या दिवशी सकाळीच द्या आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका. सुट्टी स्थानिक असेल तर त्या आदेशाची एक प्रत अपिलाला जोडा.